पालीचे बाळंतपण

मराठी माणसाचे आणि पालीचे सख्य कधी जमलेले नाही. आपल्या घराच्या भिंतीवर ती पिढ्यान्‌पिढ्या राहते, दिव्याभोवतीचे किडे खाऊन आपली फुकट चाकरी करते, आणि मोबदला म्हणून तिला मिळतो केरसुणीचा फटका. कुठे संशय आला की आपल्या मनात पाल चुकचुकते. ती अंगावर पडली तर आधी डोक्यावरून आंघोळ करायची आणि मग पंचांग उघडून पल्लीपतनाचे फळ पाहायचे. उजव्या खांद्यावर पडली तर एक, डाव्यावर पडली तर दुसरे. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात छताला सोन्याचांदीच्या पाली आहेत आणि भाविक रांग लावून त्यांना हात लावतात हे खरे. पण तेही पालीचा दोष जावा म्हणून!

अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला वयाच्या बहात्तराव्या वर्षी सातासमुद्रांपलीकडे जाऊन एका पालीचे बाळंतपण करावे लागेल, असे भविष्य कुठल्याही पंचांगात छापलेले नव्हते. पण २०२५ च्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरी, धाकट्या लेकीच्या घरी, हे सारे रीतसर घडले. वाचकांपैकी पुष्कळांची नातवंडे आज परदेशी आहेत, आणि तिकडच्या नातवंडांना कुत्र्या-मांजरांखेरीज भलतेसलते जीव पाळायची हौस असते. तेव्हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. त्या वेळी हाताशी असावी म्हणून ही हकीकत.

आमची नात सई बारा वर्षांची. तिने पाळलेल्या पालीचे नाव केशर. ही आपली भिंतीवरची पाल नव्हे, बरे का. इंग्रजीत हिला 'लेपर्ड गेको' म्हणतात, कारण पिवळ्या अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके असतात. लांबी वीतभर. हिच्या बोटांना चिकटायच्या गाद्या नाहीत, म्हणून भिंतीवर चढता येत नाही; जमिनीवरून आपली गंभीरपणे चालते. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे हिला पापण्या आहेत! आपल्या घरातल्या पालीला पापणी मिटता येत नाही. ती जिभेने डोळा पुसते. केशर मात्र दुपारी डोळे मिटून माणसासारखी झोपते. शेपूट जाडजूड, तिच्यात चरबीचा साठा. एखाद्या काटकसरी गृहिणीच्या डब्यात चार दिवसांचे असावे तसा.

गंमत अशी की अमेरिकन दुकानातून आलेला हा प्राणी मूळचा आपल्याच बाजूचा. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य कोपरा हे त्याचे माहेर. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने १८५४ मध्ये पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याची एक सख्खी चुलत जात आपल्या महाराष्ट्रातल्या माळरानांवर राहते, आणि सातपुड्यातल्या आणखी एका जातीचे नामकरण तर २०१४ मध्ये झाले. उत्तरेकडे अशा जीवांना 'बिसखोपरा' म्हणतात आणि महाविषारी समजून ठेचतात. विषाचा थेंबही त्यांच्यात नसतो. अर्थात रानातला जीव रानातच राहू द्यावा. तो उचलून घरी आणणे हा कायद्याचाही विषय आहे आणि सभ्यतेचाही. अमेरिकेतले हे प्राणी मात्र कित्येक पिढ्या घरातच जन्मलेले, म्हणजे पुण्याच्या पेठेतल्या माणसाइतकेच रानटी!

वसंत ऋतूत सईच्या एका मैत्रिणीकडचा नर चार दिवस पाहुणा म्हणून आला आणि गेला. त्याआधी घरात मोठी परिषद भरली होती. केशर दीड वर्षाची झाली आहे ना, वजन पन्नास ग्रॅमच्या वर आहे ना, शेपूट भरलेली आहे ना, याची खात्री करून घेतली. लहान किंवा रोडावलेल्या मादीला अंडी घालायला लावले तर अंड्यांसाठी लागणारा चुना तिच्या हाडांतून खर्च होतो आणि ती खंगते. म्हणून तिच्या रातकिड्यांना रोज कॅल्शियमची पूड चोळून द्यायची. हे ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवतींचा पालीविषयीचा सूर पहिल्यांदा थोडा बदलला. "म्हणजे डिंकाचे लाडूच की!" ती म्हणाली.

लेकीने मात्र एक अट घातली होती. ही मादी एका हंगामात दर तीनचार आठवड्यांनी दोन दोन अशी अनेकदा अंडी घालते. इतक्या पिल्लांना चांगली घरे कोण देणार? हा जीव पंधरा-वीस वर्षे जगतो. कोणाच्या तरी गळ्यात मारून मोकळे होण्यासारखे काम नाही. तेव्हा पहिली दोन अंडी तेवढी उबवायची. एक पिल्लू सईच्या शाळेतल्या शिक्षिका घेणार होत्या, एक घरी राहणार होते. त्यापुढची अंडी घातल्याबरोबर, आत जीव वाढू लागण्यापूर्वी, फ्रीझरमध्ये टाकायची. सईने हे कबूल केले, पण करताना खाली मान घातली होती.

आता माझा या प्रकरणाशी संबंध कसा आला ते सांगतो. मी पुण्याच्या वेधशाळेत नोकरी केली. तापमापके तपासणे, त्यांची नोंद ठेवणे, एका अंशाच्या दहाव्या भागावरून वाद घालणे यात माझी उमेद गेली. निवृत्त झाल्यावर या ज्ञानाला घरात ताप मोजण्यापलीकडे गिऱ्हाईक उरले नव्हते. आणि इथे कळले की पालीची अंडी उबवण्याच्या सगळ्या विद्येचा गाभा म्हणजे तापमान! बहात्तराव्या वर्षी मला पुन्हा कामावर बोलावणे आले म्हणा ना.

मे महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी केशरच्या ओल्या डब्यात दोन अंडी दिसली. हा डबा आधीच करून ठेवायचा असतो: झाकणाचा प्लास्टिकचा डबा, बाजूला तिला आत शिरता येईल एवढे भोक, आत ओलसर शेवाळ. ती आत जाऊन खड्डा करते, अंडी घालते, आणि मागच्या पायांनी नीट झाकून बाहेर येते. अंडी इंचभर लांब, पांढरी, आणि कोंबडीच्या अंड्यासारखी टणक नव्हेत, चामड्यासारखी मऊ.

इथे पहिला आणि सर्वांत मोठा नियम: अंडे फिरवायचे नाही. कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा चोचीने उलटसुलट करते, आणि तिथे ते आवश्यकच असते. पक्ष्याच्या अंड्यात बलक दोन्ही टोकांना दोऱ्यांनी बांधल्यासारखा असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात या दोऱ्या नसतात. घातल्यानंतर काही तासांतच गर्भ वरच्या बाजूला जागा धरतो. मग अंडे उलटे झाले तर त्याच्यावर बलकाचा भार येतो आणि तो मरू शकतो. म्हणून अंड्याला हात लावण्यापूर्वी मऊ पेन्सिलीने वरच्या बाजूला एक बारीक खूण करायची, आणि ती खूण शेवटच्या दिवसापर्यंत वरच ठेवायची. सईने श्वास रोखून दोन खुणा केल्या. मी चमच्याने अंडी उचलली. एक वाकडा शब्द बोलायची कोणाची छाती नव्हती.

अंड्यांचा बिछाना म्हणजे व्हर्मिक्युलाइट. अभ्रकाच्या जातीचे हे खनिज भाजून फुगवलेले असते. ते पाणी धरून ठेवते आणि कुजत नाही. शंभर ग्रॅम खनिजाला शंभर ग्रॅम पाणी, वजन करून. स्वयंपाकघरातला काटा वापरायला सौभाग्यवतींनी साफ नकार दिला, आणि तिचे बरोबरच होते. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, म्हणून काटा वेगळा, भांडी वेगळी आणि दर वेळी साबणाने हात धुणे, हा नियम घरात कडक होता. पण ओलाव्याची परीक्षा तिनेच सांगितली. हातमोजा घालून तिने मिश्रण मुठीत दाबले. "मुटका वळला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. आता ठीक आहे." जगातल्या सगळ्या पुस्तकांत हीच परीक्षा दिलेली आहे, हे मी नंतर पाहिले.

अंगठ्याने दोन खळगे करून अंडी निम्मी बुडतील अशी बसवली. डब्याला सुईने चारदोन भोके, वर झाकण. आठवड्यातून एकदा झाकण काढून वारा द्यायचा. अंडी ओल शोषून हळूहळू फुगतात. एखादे चेपलेले दिसले तर पाणी कडेच्या खनिजात घालायचे, अंड्यावर कधीही नाही.

मग पेटी. बाजारात कोंबडीच्या अंड्यांसाठी तयार इन्क्युबेटर मिळतात, पण जावईबापूंनी थर्मोकोलची जाड पेटी घेतली, तळाशी गरम होणारी चटई, तिला थर्मोस्टॅट, आणि रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. बाटल्यांचे काम असे की त्या ऊब साठवून ठेवतात आणि पारा एकदम वरखाली होऊ देत नाहीत. समुद्रकाठच्या मुंबईची हवा नागपुरासारखी टोक का गाठत नाही, तेच हे कारण. पेटी दोन दिवस रिकामी चालवून पाहिली होती. अंडी आल्यावर पेटी जुळवायला बसणे म्हणजे वऱ्हाड दारात आल्यावर चूल मांडणे.

पेटीत एक डिजिटल तापमापक होता. आकडे मोठे आणि चेहरा प्रामाणिक. पण तीस-पस्तीस वर्षे मी प्रामाणिक चेहऱ्याचे तापमापक पाहिलेले आहेत. मी शुद्ध पाण्याचा बर्फ कुटून पेल्यात भरला, थोडे पाणी घातले, आणि तापमापकाची तार त्यात सोडली. वितळत्या बर्फात फॅरनहाइटचा आकडा ३२ यायला हवा, आला ३५. मग कोमट पाण्यात हाच तापमापक आणि लेकीचा ताप मोजायचा चांगला थर्मामीटर शेजारी धरून पाहिले. पुन्हा तीनच अंश जास्त. म्हणजे चूक सर्वत्र सारखी होती, आणि सारखी चूक करणारे यंत्र वजाबाकी करून खुशाल वापरता येते. सईने कागदावर "३ वजा" असे मराठीत लिहून पेटीवर चिकटवले. घरी करून पाहता येण्याजोगी ही तपासणी आहे. वाचकांनी जरूर करावी. कारण या तीन अंशांवर पुढे काय अवलंबून होते ते आता सांगायचे आहे.

माणसाचा मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणी ठरते, आणि ते ठरवणारा भाग बापाकडून येतो. पण पुष्कळ सरपटणाऱ्या प्राण्यांत ते तेव्हा ठरतच नाही! अंडे किती उबेत वाढते त्यावर नर की मादी हे ठरते. सेनेगलमधल्या डाकारला मादलेन शार्निए या संशोधक बाईंनी १९६६ मध्ये एका सरड्याच्या बाबतीत हे प्रथम दाखवून दिले. लेपर्ड गेकोवर पुढे फार बारकाईने काम झाले, आणि तेही आम्ही राहत होतो त्याच ऑस्टिन शहरातल्या टेक्सास विद्यापीठात, डेव्हिड क्रूज यांच्या प्रयोगशाळेत. निष्कर्ष असा: २६ अंश सेल्सिअसला जवळजवळ सगळ्या माद्या. ३० ला माद्या अधिक, पण काही नर. साडेबत्तिसाला नर अधिक. आणि ३४ ला पुन्हा जवळजवळ सगळ्या माद्या! त्यापुढे गर्भच टिकत नाही. शिवाय जास्त उबेत वाढलेल्या माद्या स्वभावाने तापट निघतात. म्हणजे आठ अंशांच्या पट्ट्यात निसर्गाने अख्खे प्रकरण लिहून ठेवले आहे. अंड्यातल्या वास्तव्याच्या साधारण मधल्या काळात हा निर्णय होतो.

हे आपल्या कोकणातही घडते. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून सागरी कासवांची घरटी जपण्याचे काम चालू आहे. तिथल्या पिल्लांचे लिंगही वाळूच्या उबेवर ठरते. कासवांत तर वाळू जितकी गरम तितक्या माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या प्रवाळबेटांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कोवळ्या वयाच्या कासवांत शेकडा नव्व्याण्णव माद्या निघाल्या. जग तापते आहे याचा असाही एक हिशेब आहे.

सईला हे सगळे तोंडपाठ होते. तिचा बेत पेटी ८० अंश फॅरनहाइटवर ठेवायचा होता, म्हणजे सेल्सिअसचे सत्तावीसच्या आतबाहेर. पाळणारे लोक बहुधा माद्या मागतात, कारण दोन नर एकत्र ठेवले की जिवावर उठतात. पण इतक्या कमी उबेत अंडी फुटायला दोन महिन्यांहून अधिक लागतात, आणि आमचे परतीचे विमान तीन जुलैचे होते. म्हणजे त्रेपन्नावा दिवस. सईने बोटे मोजली आणि म्हणाली, "आजोबा, नव्वदवर ठेवलं तर सहा आठवड्यांत होतील. तुम्ही असताना. पण मग बहुतेक मुलगे होतील."

ती माझ्याकडे पाहत होती आणि तिचा हात थर्मोस्टॅटच्या चकतीवर होता. इकडे फिरवली तर मुली, तिकडे फिरवली तर मुलगे.

सौभाग्यवती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे यांच्यात मुलगी झाली म्हणून सुनेला कोणी बोल लावत नसेल." आम्ही हसलो. ती हसली नाही. हातातली मेथी खाली ठेवून तिने सईला जवळ बसवले आणि एक गोष्ट सांगितली, जी मी जाणत होतो पण जी आमच्या घरात मोठ्याने कधी बोलली गेली नव्हती.

१९८२ मध्ये आमची दुसरी मुलगी झाली. भेटायला येणारी माणसे पाळण्यात डोकावून म्हणत, "ही पण मुलगीच!" त्या शब्दातला 'च' हिच्या कानांत बसला होता. पुढे दोनतीन वर्षांनी आप्तांपैकी काहींनी सुचवले की तिसऱ्या वेळी आधी 'तपासून' घ्यावे. मुंबईला सोय आहे, पुष्कळ लोक करतात. त्या काळी गर्भजलाची ती तपासणी खरोखरच उघडपणे चाले. महाराष्ट्राने तिच्याविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. हिला त्या वेळी कायदा माहीत नव्हता. तिने फक्त एवढे म्हटले होते की निवडून घ्यायला ही काय भाजी आहे? आणि आम्ही दोन मुलींवर थांबलो.

"तिथे मुलगे निवडत होते, इथे तू मुली निवडतेस," ती सईला म्हणाली. "पालीचं आणि माणसाचं एक नाही, हे मला कळतं. तुझी पेटी आहे, तूच ठरव. मला विचारशील तर मी चकती मधे ठेवीन."

स्वयंपाकघराच्या दारात आमची धाकटी लेक उभी होती. 'ही पण मुलगीच' म्हणजे तीच. ती काही बोलली नाही. आत येऊन तिने आईच्या समोरची मेथी ओढून घेतली आणि निवडायला बसली.

सईने बराच वेळ विचार केला. मग तिच्या ध्यानात आले की शिक्षिकाबाईंकडे पिल्लू एकटेच राहणार, घरचेही वेगळ्या पेटीत राहणार. हा प्राणी एकटाच सुखी असतो. मग नर काय आणि मादी काय! तिने चकती खऱ्या ८८ अंशांवर आणली. सेल्सिअसचे एकतीस. तिथे दोन्ही व्हायची शक्यता जवळपास सारखी. आणि दिवस लागणार पंचेचाळीस ते पन्नास. माझे विमान गाठले जाण्याची आशा होती, खात्री नव्हती.

आठव्या दिवशी रात्री खोलीतला दिवा मालवून आम्ही अंड्यांना बारीक विजेरी लावली. अर्थात अंडी जागची न हलवता. दोन्हींत लालसर वर्तुळ आणि केसासारख्या रक्तवाहिन्या दिसल्या. वांझ अंडे नुसते पिवळे दिसते. सईने आजीला हाक मारली, आणि आजन्म पालीला केरसुणी दाखवलेली ती बाई गुडघे टेकून त्या डब्याशी वाकली.

अठ्ठावीस मेच्या संध्याकाळी ऑस्टिनला गारांचे मोठे वादळ झाले आणि वीज गेली. सतरावा दिवस; म्हणजे ऐन मोक्याचा काळ. सईचा चेहरा उतरला. मी तिला समजावले की या अंड्यांना थोडा वेळ गारवा सोसतो, वाढ मंदावते इतकेच. जीव घेतो तो अतिरेकी उष्मा. तेव्हा घाबरून पेटीत उकळते पाणी ठेवण्याचा वेडेपणा कोणी करू नये. पुण्याहून आणलेली गोधडी आम्ही पेटीभोवती गुंडाळली. आतल्या बाटल्यांनी आपली ऊब हळूहळू सोडली. मी दर अर्ध्या तासाने आकडा, वजा तीन करून, वहीत टिपत होतो. वीज आली तेव्हा पारा ८२ वर होता. त्या रात्रीची नोंद माझ्या सगळ्या नोकरीतल्या कुठल्याही नोंदीइतकी नीट आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात केशरने पुन्हा दोन अंडी घातली. ठरल्याप्रमाणे लेकीने ती त्याच सकाळी कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवली. शब्द पाळला गेला. पण त्या दिवशी सईने आइस्क्रीम मागितले नाही, आणि कोणी दिलेही नाही.

एकतिसाव्या दिवशी पहिल्या जोडीतले एक अंडे करडे पडले. दोन दिवसांत ते आकसले आणि त्यावर बुरशी चढली. विजेरीच्या उजेडात आत काळोख होता, वाहिन्या नव्हत्या. निरोगी अंड्यावर बुरशी सहसा टिकत नाही. ती आली ती बहुधा आत जीव उरला नाही म्हणून. सईने विचारले, "त्या रात्रीच्या थंडीमुळे झालं का?" मी वही पुढे केली. दोन्ही अंडी एकाच डब्यात, एकाच उबेत, एकमेकांपासून दोन बोटांवर होती. दुसऱ्याच्या वाहिन्या भरभरून वाढत होत्या. काही गर्भ मुळातच पुढे जात नाहीत. माणसांतही नाहीत. तिने ते अंडे अंगणातल्या झाडाखाली पुरले. शिक्षिकाबाईंना निरोप पाठवायचे काम तिने स्वतःकडे घेतले.

उरलेल्या अंड्याला अठ्ठाविसाव्या जूनला घाम फुटल्यासारखे थेंब आले आणि ते किंचित सैल पडले. हीच ती खूण. दुसऱ्या दिवशी, एकोणपन्नासाव्या दिवशी, दुपारी कवचावर बारीक चीर दिसली. गेकोच्या पिल्लाच्या वरच्या जबड्याला चिमुकल्या दोन दातांची जोडी असते. तिने ते कवच कापते आणि पुढे ते दात गळून जातात. चिरेतून एक नाक बाहेर आले आणि तिथेच थांबले. एक तास झाला, दोन झाले. सई म्हणाली, "अडकलं असेल. काढू का?" हा दुसरा मोठा नियम: ओढायचे नाही. आत उरलेला बलक पिल्लू त्या वेळात पोटात घेत असते. घाईने बाहेर काढले तर तोच फुटून रक्तस्राव होतो. "कळा देणारीला घाई करून चालत नाही," सौभाग्यवती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. चार तास आम्ही पाचजण एका डब्याभोवती बसलो होतो. चहाचे कप तसेच निवले.

संध्याकाळी ते एकदम बाहेर आले. जेमतेम तीन इंच, वजन तीन ग्रॅम. अंगावर आईसारखे ठिपके नव्हते; काळे-पिवळे रुंद पट्टे होते. ठिपके पुढे वाढत्या वयात येतात. त्याने आम्हा पाच धिप्पाड माणसांकडे पाहिले, शेपूट उंचावली, आणि तोंड उघडून किंचाळले. तीन ग्रॅमचा जीव, पण धमकी पुरी! लेकीने हसता हसता डोळे पुसले.

पिल्लाला लगेच खायला घालायचे नसते. ओला कागद अंथरलेल्या वेगळ्या छोट्या डब्यात उबेला ठेवायचे, उथळ झाकणात पाणी द्यायचे, आणि वाट पाहायची. तीनचार दिवसांत ते पहिली कात टाकते, ती कातच खाऊन टाकते, आणि मग त्याला भूक लागते. आमच्या पिल्लाने तीन जुलैच्या पहाटे कात टाकली. आम्ही बॅगा दाराशी ठेवून ती पाहिली. पहिला बारीक रातकिडा त्याने पकडला तो मात्र आम्ही पुण्यात, फोनच्या पडद्यावर पाहिला. सौभाग्यवतींनी तो तुकडा शेजारच्या काकूंनाही दाखवला. काकूंनी डोळे झाकले.

पिल्लू शिक्षिकाबाईंना द्यायचे की घरी ठेवायचे, हा प्रश्न सईनेच सोडवला. शब्द आधी त्यांना दिलेला होता. शिवाय केशर घरी होतीच. पिल्लू चांगले खाऊ लागल्यावर तिने ते स्वतः नेऊन दिले, आणि सोबत तापमापकाची तपासणी कशी करावी याचा एक कागदही. दर रविवारी ती जाऊन त्याचे वजन करते आणि मला कळवते. मी ते वहीत टिपतो.

हे लिहीत असताना पिल्लू अडीच महिन्यांचे आहे. ते नर आहे की मादी हे अजून खात्रीने सांगता येत नाही. आणखी काही महिन्यांनी शेपटीच्या मुळाशी खुणा स्पष्ट होतात, तेव्हा कळेल. फोनवर सौभाग्यवती त्याने किती रातकिडे खाल्ले ते विचारते, शेपूट भरली का ते विचारते. तो दुसरा प्रश्न तिने अद्याप विचारलेला नाही.